रक्त स्वच्छ आलं, मग पाठीतली सुई कशासाठी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात वर्षांच्या भाच्याला एएलएल निघाला, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर (ल्युकेमिया). महिनाभराच्या केमोनंतर बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट चांगला आला, एमआरडी निगेटिव्ह, म्हणजे बारीक तपासणीतही उरलेला रोग सापडला नाही. तरी डॉक्टर म्हणतात, पाठीतून औषध अजून बऱ्याच वेळा द्यावं लागेल. गावात कुणीतरी सांगितलं की पाठीतलं पाणी काढलं की पोरगं लुळं होतं. त्यात पुढची तारीख नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत आली आहे. दिवाळीनंतर नेलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपचार करतो. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची मुलं वीसेक वर्षं पाहतो आहे. तुमचा प्रश्न वॉर्डात दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच: “आता त बरं हाये न जी पोरगं, मंग सुई कायले?” विचारणारा माणूस अडाणी नसतो. त्याला रिपोर्ट दाखवून “रोग दिसत नाही” असं आम्हीच सांगितलेलं असतं. मग त्याच तोंडानं सुई सांगायची, तर कारणही आम्हीच नीट सांगायला हवं. तुमचा खरा प्रश्न सुईचा नाहीच. रक्तातून आणि मॅरोतून गेलेला रोग मेंदूभोवती कसा जगू शकतो, हा तो प्रश्न आहे. ते एकदा पटलं की तारखेचं उत्तर तुम्हीच द्याल.

आधी एक गोष्ट कबूल करतो. भाच्याचे कागद मी पाहिलेले नाहीत. पाठीतल्या सुया किती, कोणत्या औषधाच्या, किती अंतरानं, हे रोग बी पेशींचा आहे की टी पेशींचा, सुरुवातीला पांढऱ्या पेशी किती होत्या, पहिल्या पाण्यात रोगाच्या पेशी दिसल्या का, आणि रुग्णालय कोणता प्रोटोकॉल वापरतं यावर ठरतं. कुणाला बारा-पंधरा लागतात, कुणाला वीसच्या वर. अजून एक. निदान होण्याआधी गावातल्या डॉक्टरनं तापासाठी किंवा हाडं दुखतात म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन दिलं असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर, त्यामुळे फिकट पडलेलं, हाडं दुखणारं पोर आलं की पहिला विचार तिकडेच जातो आणि मधल्या काळात स्टिरॉइड जातं. त्यानं ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, आणि पहिल्या पाण्याचा रिपोर्ट खरा रोग लपवतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून शेतातलंच सांगतो. डवरा तासातून फिरतो. पऱ्हाटीच्या ओळींमधलं तण तो साफ करतो. पण धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून हात-दीड हात पट्टा सुटतोच, तिथं डवरा वळत नाही. त्या पट्ट्यातली हरळी तशीच राहते आणि पुढच्या पावसात तिथूनच वावरात शिरते. शिरेतून दिलेली केमो हा डवरा आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीची आवरणं हा धुरा आहे. तिथं विळा घेऊन हातानं निंदावं लागतं, आणि ते निंदण म्हणजे पाठीतली सुई.

डवरा तिथं का वळत नाही? मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर वाहिन्यांपेक्षा फार घट्ट असतात. शिवाय त्या भिंतींत पंप असतात, जे आत आलेलं औषध परत रक्तात ढकलतात. निसर्गानं ही सोय मेंदू सांभाळायला केली आहे, पण तिचा आडोसा रोगालाही मिळतो. शिरेतून नेहमीच्या मात्रेत दिलेली बहुतेक औषधं मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी पोचत नाहीत. हे पाणी म्हणजे सीएसएफ. मोठ्या माणसात ते साधारण १५० मिली असतं, आणि दिवसाकाठी ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं. म्हणजे चोवीस तासांत ते तीनेक वेळा बदलतं. पाठीतून सोडलेलं औषधही त्याबरोबर वाहून जातं. “एकदाच जास्त देऊन टाका ना” असं काही पालक म्हणतात, ते का जमत नाही, याचं एक कारण हे. दुसरं पुढे येईल.

पेशी आत शिरतात कशा, हे अलीकडे बरंच उलगडलं आहे. आधी आम्हाला वाटायचं, त्या घट्ट भिंती फोडून जात असतील. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की भिंत फोडायची गरजच पडत नाही. कवटीच्या आणि मणक्यांच्या हाडात मॅरो असतो, आणि तिथून हाड भेदून मेंदूच्या आवरणांत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचा थर असतो. ल्युकेमियाच्या पेशींवर त्याला पकडणारा हुक असतो, अल्फा-६ इंटेग्रिन. तो अडकवत पेशी वाहिनीच्या बाहेरून, वेल दोरीवरून चढावा तशा, आवरणांत उतरतात. त्याआधी, २०१६ मध्ये, ब्रिटनमधल्या ग्लासगोच्या संशोधकांच्या गटानं मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशी उंदरांत सोडून पाहिल्या होत्या. मूळ मुलाच्या पाण्यात रोग दिसलेला असो वा नसो, बहुतेकांच्या पेशी उंदराच्या मेंदूच्या आवरणांत पोचल्या. म्हणून “माझ्या पोराच्या पाण्यात काही निघालं नाही, मग त्याला कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे. पेशी तिथं पोचल्या असतील असं धरूनच आम्ही चालतो.

पोचणं वेगळं आणि जगणं वेगळं. सीएसएफ ही पेशीला जगायला फार कठीण जागा आहे. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तेवढ्याच सीएसएफमध्ये फक्त १५ ते ४५ मिलिग्रॅम. साखर रक्ताच्या दोन तृतीयांश. चरबी जवळजवळ नाही, ऑक्सिजनही कमी. रक्तात लोळणारी पेशी इथं उपाशी मरायला हवी. बहुतेक मरतही असतील. पण ज्या उरतात, त्या आपला संसार बदलतात.

चरबीचं उदाहरण घ्या. पेशीला तिचं बाह्य आवरण बांधायला आणि चालवायला चरबी लागते. बाहेरून मिळत नाही, म्हणून ती स्वतः तयार करते. २०२० मध्ये इस्रायल आणि ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं की मेंदूभोवती राहणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींत एससीडी नावाचं एन्झाइम वाढलेलं असतं. चरबीचं एक रूप दुसऱ्यात बदलण्याचं काम ते करतं. ते दाबलं तेव्हा उंदरांच्या मेंदूभोवतीचा रोग कमी झाला. ऑक्सिजन कमी पडतो तिथं त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त तयार करतात, आणि तेही त्यांना तिथं टिकायला मदत करतं. शिवाय अशा पेशींना मारणाऱ्या एनके पेशी तिथं फारशा फिरकत नाहीत. गावात पोलीस पाटील नाही आणि रात्री गस्तही नाही, अशी ती जागा.

पण माझ्या मते यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन, आणि उपचार समजायला त्याच कामाच्या.

पहिली, त्या चिकटतात. सीएसएफमध्ये तरंगणाऱ्या पेशी म्हणजे रोगाचा अगदी छोटा भाग. बाकीच्या आवरणांच्या पेशींना बिलगून बसतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, उपचार असूनही दगावलेल्या मुलांच्या मेंदूंची तपासणी झाली, तेव्हाही हेच दिसलं. रोग आधी अरॅक्नॉइड नावाच्या आवरणातल्या शिरांच्या भिंतीत धरतो, आणि मेंदूच्या गाभ्यात फार उशिरा जातो. आता असंही कळलं आहे की आवरणाला चिकटलेली पेशी औषधाला जास्त दाद देत नाही. आवरणाच्या पेशी तिला मरण टाळणारे संकेत देतात. प्रयोगात ती तिथून सोडवली की तेच औषध पुन्हा लागू पडतं.

दुसरी, त्या मंदावतात. मेथोट्रेक्सेट, सायटाराबिन ही औषधं विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. डीएनए तयार होताना तो थांबवणं, हेच त्यांचं काम. जी पेशी विभागतच नाही, ती वाचते. मेंदूभोवती अडकलेल्या पेशींपैकी बऱ्याच अशा अर्धझोपेत राहतात. हरळीची काशी उन्हाळाभर सुकलेली दिसते, मरत नाही, पाणी पडलं की फुटते. त्या पेशी ज्या वेळी जागतील, त्या वेळी औषध तिथं हजर असावं लागतं. एकदाच भरपूर देण्यापेक्षा ठरलेल्या अंतरानं पुन्हा पुन्हा, दोन-अडीच वर्षं, असं का, याचं हे दुसरं कारण. मधली एक तारीख चुकणं म्हणजे नुसती एक सुई कमी होणं नव्हे. जाग्या झालेल्या पेशीला त्या वेळी मोकळं रान मिळतं.

रिपोर्टच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा. पहिल्या तपासणीत पाण्यात ठळक रोग फार थोड्या मुलांत दिसतो. म्हणून “सीएसएफ निल” लिहून आलेला कागद म्हणजे त्या दिवशी सुईत पेशी आली नाही, एवढंच. चिकटलेल्या पेशी सुईत येतच नाहीत. शिवाय नळीत काढलेल्या पाण्यातल्या पेशी फार लवकर फुटतात. अर्ध्या-एक तासात पाहिलं नाही तर रोग असूनही स्लाइडवर तो सुटून जाऊ शकतो. नळी बाकीच्या सॅम्पलच्या ट्रेमध्ये पडून राहू नये म्हणून मी ती हातात घेऊन स्वतः प्रयोगशाळेत चालत जातो. दुपारी जेवायची वेळ असेल तर आधी फोन करून तिथल्या मुलीला थांबायला सांगतो.

हे सगळं कळायच्या आधीच डॉक्टरांना ते अनुभवानं, आणि मुलांच्या जिवाची किंमत मोजून, कळलं होतं. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमियाच्या मुलांना पहिल्यांदा काही महिन्यांचा आराम मिळवून दिला. ते औषध ज्या गटानं तयार केलं, त्याचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं भावंड. आज भाच्याच्या पाठीत जातं ते बहुधा हेच. पुढे औषधं वाढली, मुलं जास्त दिवस जगू लागली, आणि तेव्हा नवीन संकट दिसलं. मॅरो स्वच्छ, पोर खेळतंय, आणि अचानक डोकेदुखी, उलट्या. निम्म्याहून अधिक मुलांत रोग मेंदूकडून उलटायचा. साठच्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी, रोग दिसत नसतानाच, मेंदूला किरण आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदाच जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. किरणांचे तोटे पुढे दिसले: शिकण्यात मागे पडणं, उंची खुंटणं, पुढे दुसऱ्या गाठी. म्हणून हळूहळू किरण कमी केले. त्याच रुग्णालयात २००० नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात किरण पूर्ण बंद करून फक्त शिरेतली केमो आणि पाठीतली औषधं नीट दिली, आणि पाच वर्षांनंतर ९३ टक्क्यांहून अधिक मुलं हयात होती. फक्त मेंदूतून रोग उलटणाऱ्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत राहिलं. भाच्याच्या डोक्याला किरण देण्याची गरज पडू नये, ती बरीचशी या सुयांमुळेच.

आता लुळं होण्याची भीती. तुमच्यासमोर सुई कशी देतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दाराबाहेर उभं राहून जीव कासावीस होणार नाही. मुलाला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, आईच्या पोटात असतं तसं. झोपेचं औषध असतं, किंवा जागा बधिर केलेली असते. कमरेच्या हाडाच्या उंचीला दोन मणक्यांच्या फटीत बारीक सुई जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. खाली घोड्याच्या शेपटीसारख्या सुट्या नसा पाण्यात तरंगतात आणि सुई आली की बाजूला सरकतात. मग सुईच्या टोकातून पाणी थेंबाथेंबानं येतं, सकाळच्या दवासारखं स्वच्छ. थोडे थेंब नळीत धरले की साधारण तेवढंच औषध हळू आत सोडायचं. नंतर मूल अर्धा-एक तास सपाट, उशीशिवाय, म्हणजे औषध वर मेंदूपर्यंत पसरतं. तीन वर्षांवरच्या मुलाला मेथोट्रेक्सेट १२ मिलिग्रॅम, मोठ्या माणसालाही जवळपास तेवढंच. कारण मुलाचं हे पाणी तीन वर्षांच्या सुमारास मोठ्यांएवढं होतं. “एवढ्याशा पोराला एवढं?” असं वाटेल, पण मात्रा वजनावर नाही, वयावर ठरते.

पहिली सुई मात्र मी शिकाऊ हातात देत नाही. रक्तात अजून रोगाच्या पेशी असताना सुईनं रक्त पाण्यात मिसळलं, तर रोग आपणच आत नेल्यासारखं होतं. म्हणून आधी प्लेटलेट्स वाढवून घेतो. आणखी एक दक्षता. व्हिन्क्रिस्टीन हे औषध फक्त शिरेतून. पाठीत गेलं तर जीव जातो, म्हणून ते आणि पाठीतलं औषध एका ट्रेमध्ये, एका वेळी ठेवायचं नाही. सुई देण्याआधी नर्सनं औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं की समजा, काम नीट चाललं आहे.

मग लुळं होण्याची गोष्ट आली कुठून? माझ्या अनुभवात दोन ठिकाणांहून. काही मुलं येतानाच पायांतलं बळ गेलेली असतात, कारण रोग मणक्यात मज्जारज्जूवर दाबत असतो. त्याच दिवशी पाणी काढलं जातं आणि दोष सुईवर येतो. दुसरं खरं आहे, आणि लपवणं चूक. मेथोट्रेक्सेट पाठीतून दिल्यावर, साधारण दोन ते चौदा दिवसांत, क्वचित एखाद्या मुलाला एका बाजूचा अशक्तपणा, बोबडं बोलणं, किंवा झटका येतो. बहुतेक मुलं त्यातून पूर्ण बरी होतात. असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, देवऋष्याकडे किंवा झाडपाल्याकडे एक दिवसही घालवू नका. नुसती डोकेदुखी, जी बसल्यावर वाढते आणि पडल्यावर उतरते, ती वेगळी. ती पाणी पिऊन, आडवं राहून दोन-चार दिवसांत जाते.

एका मुलीची आठवण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. आठ-नऊ वर्षांची. मॅरो स्वच्छ झाल्यावर सोयाबीन काढणी आणि मग वेचणी, असं करत घरच्यांनी तीन सुया चुकवल्या. तोंडानं घ्यायच्या गोळ्या मात्र रोज दिल्या, चुकल्या नाहीत. डिसेंबरात आईच्या लक्षात आलं की पोर झोपली की तिचा डावा डोळा उघडाच राहतो आणि पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून सांडतं. चेहऱ्यावरून वारं गेलं म्हणून पंधरा दिवस तेल मालिश झालं. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स सगळं छान होतं. पाठीतलं पाणी काढलं, तर ते नेहमीसारखं चकाकत नव्हतं, किंचित धुरकट होतं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर ब्लास्टच ब्लास्ट, म्हणजे रोगाच्या कच्च्या पेशी. गोळ्या बरोबर घेतल्या होत्या, पण त्या धुऱ्यावर पोचत नव्हत्या. तिला पुन्हा पहिल्यापासून, जास्त कडक उपचार आणि किरण द्यावे लागले. ती आज कॉलेजात आहे. तिचे बाबा आजही ते दोन हंगाम आठवून गप्प होतात.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दिवाळीनंतर नको. ताप असेल, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स फार खाली असतील, तर तारीख डॉक्टरच पुढे ढकलतील, ते बरोबर आहे. घरच्या कामासाठी आपण ढकलायची नाही. दोन-तीन दिवस मागेपुढे चालतं का, हे मात्र विचारायला काहीच हरकत नाही, आणि बहुतेक वेळा जमतं. आजच वॉर्डच्या सिस्टरला फोन करा. तारीख सोमवारची असेल तर शनिवारी रक्त तपासून रिपोर्ट फोनवर पाठवता येईल का, विचारा. म्हणजे नागपूरपर्यंत जाऊन प्लेटलेट्स कमी म्हणून परत यायची वेळ येणार नाही. समाजसेवा अधीक्षकांना भेटून प्रवासखर्चाचं आणि महात्मा फुले योजनेच्या कागदांचं विचारा. आणि घरचे सगळेच कापसात असतील तर पोराबरोबर एक माणूस पुरे, तो तुम्ही असलात तरी चालेल. झोपेचं औषध द्यायचं असेल तर रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचं, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. नाहीतर पहाटेच्या एसटीत भूक लागली म्हणून कुणीतरी पोराच्या हातात बिस्किट देतं, आणि तारीख तिथंच जाते.